प्लेस्टेशन ५, जुना रिसीव्हर आणि गप्प बसलेले मागचे दोन स्पीकर

चहाटळ – शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, डोकं बंद पडलंय, मदत करा.

२००८ साली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, बोनसमधून ५.१चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच आणि तो वाजवणारा रिसीव्हर घेतला होता. त्यावरून बायकोशी झालेला वाद आजही व्याजासकट चालू आहे. डीव्हीडीच्या जमान्यात त्याने घर हादरवलं. मग डीव्हीडी प्लेयर माळ्यावर गेला, सेटटॉप बॉक्स आला आणि रिसीव्हर उरला तो घड्याळ दाखवायला.

मागच्या महिन्यात भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे कोथरूडला राहायला आला. कपडे एका पिशवीत कोंबलेले, प्लेस्टेशन ५ मात्र दुलईत गुंडाळून मांडीवर. म्हटलं, चला, रिसीव्हरचे दिवस फिरले.

आता अडचण. प्लेस्टेशनच्या मागे ऑप्टिकलचं (प्रकाशातून आवाज नेणाऱ्या वायरीचं) भोकच नाही, आवाजासाठी एचडीएमआय एवढा एकच रस्ता. आमच्या रिसीव्हरला दोन ऑप्टिकल, एक कोॲक्सियल आणि लाल-पांढऱ्या पिनांच्या रांगा आहेत, एचडीएमआय नाही. म्हणून प्लेस्टेशन एचडीएमआयने टीव्हीला लावलं आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधून वायर रिसीव्हरला आणली. टीव्ही २०१९चा, ४के. त्याच्या एका एचडीएमआयवर एआरसी (टीव्हीतला आवाज त्याच वायरीने उलटा बाहेर देणारी सोय) लिहिलंय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.

आवाज येतो, पण पुढच्या दोनच स्पीकरमधून. रिसीव्हरच्या काचेवर ‘पीसीएम’ (न दाबलेला, सुटा डिजिटल आवाज) आणि एल-आर ही दोनच अक्षरं पेटतात. प्रो लॉजिक (दोन चॅनलवरून मागचा आवाज अंदाजाने बनवणारी सोय) लावलं की मागून कुजबुज येते, पण ती नुसती भरती. शत्रू पाठीमागून येतो आणि गोळी समोर वाजते.

गंमत अशी, की टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा लावला की ‘डॉल्बी डी’ पेटतं, सहाच्या सहा खुणा उजळतात आणि मागचे स्पीकर बोलायला लागतात. म्हणजे वायर ठीक, स्पीकर ठीक. मग घोडं पेंड खातंय कुठे?

---

उगाच_एक – शनिवार, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हेच, फक्त भाच्याऐवजी मुलगी.

---

सिंहगडरोडवासी – रविवार, सकाळी ७:१५

अठरा वर्षांचं सामान कशाला उकरताय? सरळ साउंडबार घ्या. एक वायर लावली की काम झालं, वहिनीही खूश. माझं तर असंच झालं.

---

नारायणपेठी – रविवार, सकाळी ९:०५

@सिंहगडरोडवासी, त्यांनी विचारलंय पंक्चर कसं काढायचं, तुम्ही सांगताय नवीन गाडी घ्या. (कृहघ्या, कृपया हलके घ्या)

साउंडबारमध्ये मागचा आवाज बऱ्याचदा भिंतीवर आपटून आणतात. आमच्या पेठेतल्या खोलीत एका बाजूला भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला चौक. आवाज आपटून परत यायच्या ऐवजी थेट रस्त्यावर जातो.

---

डेसिबल – रविवार, दुपारी १२:३०

चहाटळ, ॲपवर डॉल्बी पेटतं हे सांगितलंत, तिथेच अर्धं निदान झालं. रिसीव्हर, ऑप्टिकलची वायर आणि टीव्हीचं ऑप्टिकल हे तिघेही सुटले. संशय फक्त दोन जागांवर उरतो: प्लेस्टेशन काय पाठवतं, आणि एचडीएमआयमधून आलेलं टीव्ही पुढे कसं ढकलतो.

पहिल्यापासून सांगतो, कारण पुढे पाचजण हेच विचारणार आहेत.

एचडीएमआयची वायर खोचली की टीव्ही पाहुण्याला आधी स्वतःची कुंडली दाखवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. किती पिक्सेल झेपतील, कुठल्या प्रकारचा आवाज कळेल, किती चॅनल (म्हणजे आवाजाच्या किती वेगळ्या वाटा), सगळं त्यात असतं. टीव्हीला स्वतःचे स्पीकर दोन. त्यामुळे बरेच टीव्ही तिथे लिहून देतात: साधा पीसीएम असेल तर दोन चॅनल पाठव, डॉल्बी असेल तर मला उलगडता येतं. आता प्लेस्टेशन डब्यातून काढल्यावर ‘लिनियर पीसीएम’वर असतं. ते कुंडली वाचतं, गेममधला सहा चॅनलचा आवाज मुकाट्याने दोनात कालवतं आणि पाठवतं. म्हणजे तुमचे चार चॅनल वाटेत हरवत नाहीत, ते घरातून निघतच नाहीत.

‘मग टीव्हीने सहा चॅनल पीसीएम घेतलं असतं तर?’ तरी उपयोग नव्हता, पुढे ऑप्टिकल आहे. टॉसलिंक, म्हणजे हीच ऑप्टिकल वायर, हे तोशिबाने १९८३ मध्ये सीडी प्लेयरसाठी आणलेलं प्रकरण. त्याचं माप दोन चॅनलचं. हिशोब करा: सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, म्हणजे दोन चॅनलना १५,३६,००० बिट. सहा चॅनलना ४६,०८,०००. त्या गल्लीत पट्टे दोनच आखलेत, सुट्या सहांना जागाच नाही. डॉल्बी डिजिटल हेच सहा चॅनल दाबून जास्तीत जास्त ६४० किलोबिटांत बसवतं. आपण रजया दाबून दिवाणात भरतो ना, तसं. म्हणून ऑप्टिकलवरून ५.१ न्यायचं तर ते डॉल्बी किंवा डीटीएसच्या गाठोड्यातूनच जातं. तुमच्या टीव्हीचं एआरसीही याच बाबतीत ऑप्टिकलचं भावंड आहे. सुटं ५.१ पीसीएम त्यातूनही जात नाही.

आता करायचं काय. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये साउंड, मग ऑडिओ आउटपुट. तिथे ‘ऑडिओ फॉरमॅट (प्रायॉरिटी)’ आहे, त्यात लिनियर पीसीएम काढून डॉल्बी करा. डीटीएस नको, बरेच टीव्ही ते पुढे जाऊ देत नाहीत. मग टीव्हीच्या आवाजाच्या मेन्यूत खोल शिरा. ‘डिजिटल ऑडिओ आउट’ अशा काहीतरी नावाखाली पीसीएम, ऑटो, पासथ्रू असे पर्याय असतील. पीसीएमवर असेल तर टीव्ही ते गाठोडं स्वतःच सोडून दोन चॅनल करून देतो. ऑटो किंवा पासथ्रू करा.

एक शक्यता आधीच सांगून ठेवतो. काही टीव्ही स्वतःच्या ॲपचा डॉल्बी ऑप्टिकलवर देतात, पण एचडीएमआयमधून आलेल्याचा देत नाहीत, तिथे दोनच चॅनल काढतात. तुमचा त्या जातीचा निघाला तर मेन्यूत कितीही खणा, पाणी लागणार नाही. मग वेगळा उपाय.

---

उगाच_एक – रविवार, दुपारी १२:४१

दंडवत! वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

चहाटळ – रविवार, रात्री ९:२०

डेसिबल, तुमच्या तोंडात साखर पडो!!

टीव्हीत ते सेटिंग ‘साउंड’मध्ये नव्हतंच. साउंड, त्यात ॲडव्हान्स्ड, त्यात आणखी एक तीन टिंबांचं चिन्ह, त्याच्या आत. रिमोट माझ्या हातात, भाचा वाचतोय, आई विचारतेय मालिका कधी लागणार. ‘पीसीएम’वरून ‘ऑटो’ केलं तर पाचेक सेकंद घरात संपूर्ण शांतता. मग रिसीव्हरच्या आत ‘टक्’ असा रिलेचा आवाज आला आणि निळ्या अक्षरांत ‘डॉल्बी डी ३/२.१’. सहा खुणा पेटल्या! गेममध्ये पाऊस चालू होता. तो पहिल्यांदा खोलीभर पडला.

पण... (हा ‘पण’ येणारच होता.) भाचा म्हणतो उशीर होतोय. बंदुकीचा चाप आधी, आवाज मागाहून. मला कळत नाही, त्याला कळतं. टीव्हीचे स्पीकर लावले की त्याची तक्रार नाही.

---

जुनाबाजार – रविवार, रात्री १०:०२

भाच्याचा कान बरोबर आहे. आवाज हवेत १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. १०० मिलिसेकंद उशीर झाला तर ३४ मीटरवर उभ्या माणसाने टाळी वाजवल्यासारखं होतं. सिनेमात टीव्ही चित्र थोडं थांबवून जुळवून घेतो, गेममध्ये चित्र थांबवून चालत नाही.

आधी फुकटचे उपाय: टीव्हीचा गेम मोड चालू आहे का बघा. टीव्हीत ‘डिजिटल आउटपुट डिले’ किंवा ‘एव्ही सिंक’ असेल तर शून्यावर आणा. रिसीव्हरमध्येही ‘लिपसिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ असतो, तोही शून्य करा. डीव्हीडीच्या काळात तुम्हीच कधीतरी वाढवून ठेवला असेल, माझ्याकडे तसंच निघालं होतं. सगळं करूनही भागलं नाही तर आवाज टीव्हीत शिरू न देता आधीच काढून घ्यायचा. एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते. एका बाजूने प्लेस्टेशन, दुसऱ्या बाजूने टीव्ही, आणि कुशीतून ऑप्टिकल.

---

स्विचवाली_आई – सोमवार, सकाळी १०:३०

धागा वाचून काल आमच्याकडेही हे केलं. आमच्याकडे निंटेंडो स्विच आहे (पहिला, २०१७वाला). टीव्ही-रिसीव्हर जवळपास तसेच, ऑप्टिकलने जोडलेले. टीव्ही ऑटोवर ठेवला, स्विचमध्ये ‘सराउंड’ केलं. डॉल्बीचा पर्याय मात्र कुठेच सापडत नाहीये. मी आंधळी की मेन्यू?

---

डेसिबल – सोमवार, दुपारी १:१०

ताई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. स्विचमध्ये डॉल्बी नाहीच. तो ५.१ देतो, पण फक्त सुट्या लिनियर पीसीएममध्ये. वर रजयांचं सांगितलं तेच: या घरात रजई दाबून भरायची सोयच नाही, आणि ऑप्टिकलच्या गल्लीतून उघडी रजई जात नाही. त्यामुळे टीव्हीमार्गे ऑप्टिकल किंवा साध्या एआरसीने स्विचचं ५.१ मिळणं कठीण आहे. जुनाबाजार म्हणतायत ती डबीही इथे उपयोगाची नाही. ती ऑप्टिकलवर जसंच्या तसं देते, स्वतः डॉल्बीत बांधत नाही.

खरे मार्ग दोन. रिसीव्हरला एचडीएमआय असेल आणि तो त्यातून आवाज उचलत असेल, तर स्विच आधी रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला. स्विच १०८०पीच्या पुढे जात नाही, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांचा रिसीव्हरही चित्र बिनतक्रार पुढे देईल. किंवा टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही ईएआरसीवाले (एआरसीची सुधारलेली, रुंद आवृत्ती) हवेत. ईएआरसी एचडीएमआय २.१बरोबर २०१७ मध्ये आलं. त्यातून सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट आवाज जातो: ८ चॅनल, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, गुणून बघा. तिथे ही कटकटच नाही.

तुमच्या रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो टाकाल का?

---

स्विचवाली_आई – सोमवार, रात्री ८:४५

फोटो चढत नाहीये, पण एचडीएमआय आहे!! तीन इन, एक आउट. इतकी वर्षं त्यावर धुळीचं झाकण होतं. स्विच तिथे लावला, काचेवर ‘मल्टी पीसीएम’ आलं. मुलगा गाडी पळवताना मागची गाडी कानाजवळून गेली तर ओरडलाच. धन्यवाद.

---

तिखटमीठ – सोमवार, रात्री ९:३०

माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. माझ्याकडे रिसीव्हर वगैरे राजेशाही नाही. बाजारात मिळतो तो ५.१चा संच: लाकडी सबवूफर, पाच डब्या, ब्लूटूथ, यूएसबी, लाइट लागतात. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून ऑक्स लावलाय. सगळ्या पाचांतून आवाज येतो, मग मला मागचं-पुढचं वेगळं का कळत नाही?

---

जुनाबाजार – सोमवार, रात्री १०:४०

कारण पाचांतून एकच आवाज येतोय. ऑक्सच्या एका पिनेत डावा आणि उजवा एवढे दोनच चॅनल मावतात. तुमचा ॲम्प्लिफायर तेच दोन पुढे देतो, तेच मागे देतो. एकच पिठलं पाच वाट्यांत वाढलं म्हणून पाच पदार्थ होत नाहीत.

आता सबवूफरच्या मागे बघा. तिथे नुसता ऑक्स आहे, की लाल-पांढऱ्या पिनांच्या तीन जोड्या आहेत? किंवा हिरवी, काळी, नारिंगी अशी तीन छोटी भोकं? कॉम्प्युटरच्या ५.१ संचात असतात ती: हिरव्यात पुढचे दोन, काळ्यात मागचे दोन, नारिंगीत मधला आणि सब. तीन जोड्या असतील तर संच खरा आहे, त्याला फक्त डॉल्बी सोडवून देणारा डिकोडर हवा. ऑप्टिकल आत, सहा तारा बाहेर. नुसता ऑक्स असेल तर त्या संचाकडून गाणी ऐका, गणपतीत आरती लावा, सराउंडची अपेक्षा ठेवू नका.

---

तिखटमीठ – सोमवार, रात्री १०:५५

तीन जोड्या आहेत! आईशपथ. चार वर्षं मी पिठलंच खात होतो.

---

चहाटळ – शनिवार, दुपारी ४:१५

आठवडाभराचा वृत्तांत.

गेम मोड चालू केला, डिले शून्य केला (रिसीव्हरमध्ये खरंच ८० मिलिसेकंद निघाला, जुनाबाजार, तुम्ही ज्योतिष बघता का?). पुष्कळ फरक पडला, पण भाच्याच्या मते ‘अजून वीस टक्के आहे’. टक्के कसले ते त्यालाच ठाऊक.

म्हणून आज सकाळी तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. गाडी नेण्याचा मूर्खपणा केला नाही, वनाजहून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून मंडई, तिथून चालत. पहिल्या दुकानात एक्स्ट्रॅक्टर मागितला तर त्यांनी लाल-पांढऱ्या पिना एचडीएमआयमध्ये घालणारं उलटं यंत्र पुढे केलं. म्हटलं, मला बाहेर काढायचंय. “बाहेर काढायचंय तर तसं सांगा की.” दुसऱ्या दुकानात मिळाला. मी विचारलं, ४के ला चालेल ना? दुकानदाराने खोका माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. ४के, ६० हर्ट्झ. “वाचता येतं ना?” पंधराशे रुपये आणि एक अपमान, दोन्ही घेऊन घरी.

जोडलं. चित्र आलं, आवाज शून्य. डबीवर नखाएवढं सरकबटण आहे, पास, २ सीएच, ५.१ सीएच. ते ५.१वर केलं. तरी शून्य. प्लेस्टेशन बंद-चालू केलं. शून्य. अर्धा तास मी सेटिंग पालथी घातली. शेवटी ऑप्टिकलची वायर काढून हातावर धरली तर तळव्यावर लाल ठिपका दिसेना. नव्या वायरच्या दुसऱ्या टोकावरचं पारदर्शक प्लास्टिकचं टोपण मी काढलंच नव्हतं, तसंच डबीत रेटून बसवलं होतं. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठं. बायकोने ते उचललं, बघितलं आणि काही न बोलता टीपॉयवर ठेवलं. ते न बोलणं फार मोठं होतं.

आता डॉल्बी पेटतंय आणि भाचा तक्रार करत नाहीये.

---

डेसिबल – शनिवार, संध्याकाळी ६:००

टोपण प्रत्येकाचं एकदा राहतं. माझं दोनदा राहिलंय.

एक लक्षात असू द्या. ती डबी ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे प्लेस्टेशनचं ४के १२० हर्ट्झ त्यातून जाणार नाही. तुमचा टीव्ही २०१९चा आणि १२० न घेणारा असेल तर काहीच गमावलं नाही. आणि कधी काळी ॲप्सवर चित्र काळं पडलं तर प्लेस्टेशनमधलं एचडीसीपी (चित्राची कॉपी रोखणारं कुलूप) बंद केलेलं नाही ना ते बघा. गेमला ते लागत नाही, सिनेमाच्या ॲप्सना लागतं.

---

सिंहगडरोडवासी – शनिवार, संध्याकाळी ७:२०

आणि ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारं डॉल्बी)? प्लेस्टेशनला २०२३ मध्ये ॲटमॉस आलं म्हणे. ते या सगळ्या द्राविडी प्राणायामातून मिळेल का? नाही ना? साउंडबार...

---

डेसिबल – शनिवार, संध्याकाळी ७:५०

नाही मिळणार, ऑप्टिकलवरून ॲटमॉस जात नाही. आणि घरगुती ॲटमॉस बाजारात आलं २०१४ मध्ये, यांचा रिसीव्हर त्याच्या सहा वर्षं आधीचा. हा मुद्दा तुमचा, घ्या.

---

चहाटळ – रविवार, दुपारी ३:३०

ऐका, काल रात्रीची गोष्ट.

भाचा खेळत होता, आई सोफ्यावर जपमाळ घेऊन. गेममध्ये जंगल, रात्र, आणि कुणीतरी पाचोळ्यावरून चालत येतंय. आई एकदम डावीकडे वळून म्हणाली, “अरे, गॅलरीत कोण आहे बघ.” आम्ही सगळे हसलो, मी तर अभिमानाने फुगलो. भाचा मात्र गंभीर. म्हणाला, “मामा, तो माणूस उजवीकडून येत होता.”

पडद्यावर बघितलं. खरंच उजवीकडून. परत लावून बघितलं. माणूस उजव्या मागच्या बाजूला, आवाज डाव्या मागच्या स्पीकरमधून.

अठरा वर्षं माझे मागचे दोन स्पीकर उलटे जोडलेले आहेत. अठरा. सिनेमात मागून पाऊस, विमान, टाळ्या येतात, डावं-उजवं कोण मोजतो? गेममध्ये मान वळवली की आवाजही वळायला हवा, म्हणून सापडलं. आणि सापडलं ते मला नाही, आईला.

रिसीव्हर भिंतीपासून ओढून टॉर्च लावून सराउंडच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. त्यात एका वायरीचा केसाएवढा तांब्याचा धागा शेजारच्या काळ्या टर्मिनलला टेकला असणार, कारण चालू केल्यावर ‘प्रोटेक्ट’ असं लुकलुकून रिसीव्हर बंद झाला. काळजाचं पाणी झालं. वायरी परत काढल्या, टोकं पिळून घट्ट केली, खोचल्या. चाललं.

---

जुनाबाजार – रविवार, दुपारी ४:०५

प्रोटेक्टने वाचवलं तुम्हाला. वायरी लावताना प्लग काढूनच लावा, आणि जमलं तर टोकांना बनाना प्लग बसवा, धागे सुटे राहत नाहीत.

आता मागे पोचलाच आहात तर रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा. तो एकेका स्पीकरमधून फिरत फुसफुसतो, सोफ्यावर बसून बोटाने दाखवत जायचं. दोन मिनिटांचं काम. आणि मागचे स्पीकर सोफ्याच्या पार मागे भिंतीत कोंबले असतील तर जरा पुढे आणा. बसणाऱ्याच्या समोरून मोजलं तर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या रेषेच्या थोडेच मागे. पुढचे दोन ३० अंशांवर.

---

नारायणपेठी – रविवार, संध्याकाळी ५:३०

अवांतर: माझ्या सबवूफरमधून सतत गूंऽऽ येतं. गेम चालू नसतानाही. कुणी म्हणालं प्लगची मोठी पिन काढून टाक.

---

डेसिबल – रविवार, संध्याकाळी ६:१५

अजिबात काढू नका! ती अर्थिंगची पिन आहे, शॉकपासून वाचवायला असते.

टीव्हीला किंवा सेटटॉप बॉक्सला केबलवाल्याची जाड काळी वायर आहे का? ती उपसून बघा. गूं गेलं तर ग्राउंड लूप आहे. केबल एका जागी जमिनीला जोडलेली, तुमचा प्लग दुसऱ्या जागी, आणि मधल्या तांब्यातून ५० हर्ट्झची वीज फेऱ्या मारते. केबलच्या वायरवर बसवायचा आयसोलेटर मिळतो. ऑप्टिकलमध्ये तांबंच नसल्यामुळे त्यातून हे येत नाही, म्हाताऱ्या वायरीचा एवढा एक गुण.

---

नारायणपेठी – रविवार, संध्याकाळी ६:४०

उपसली. गेलं. बायको विचारतेय चॅनल कुठे गेले. निघतो.

---

स्विचवाली_आई – रविवार, रात्री ८:१०

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आज सोसायटीच्या ग्रुपवर ‘काही घरांतून रात्री ढुमढुम येते’ असं लिहिलंय. काही घरं म्हणजे आम्हीच. सबचं काय करू?

---

चहाटळ – रविवार, रात्री ८:५०

याचं मी सांगतो, हे मी २००८पासून भोगलंय. सब जमिनीवरून उचला, खाली जाड रबरी चटई किंवा फोम घाला. कोपऱ्यातून बाहेर काढा, कोपऱ्यात ढुमढुम वाढते. रात्री रिसीव्हरचा ‘नाइट मोड’ लावा, मोठे आवाज दाबले जातात आणि बोलणं ऐकू येतं. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटर लांब असते, ती स्लॅबला विचारत नाही. नियमाने रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची. (आपल्या डेसिबलरावांची नव्हे.) पण काकूंना नियम दाखवू नका, दिवाळीचा फराळ आधीच पाठवा.

---

तिखटमीठ – सोमवार, रात्री ९:०५

डिकोडर आणला, तीन जोड्या लावल्या, मागून खरंच वेगळा आवाज येतोय. फक्त मधल्या स्पीकरमधून ढुमढुम आणि सबमधून माणसं बोलतायत.

---

जुनाबाजार – सोमवार, रात्री ९:१२

तिसऱ्या जोडीची लाल आणि पांढरी पिन अदलाबदल करा.

---

तिखटमीठ – सोमवार, रात्री ९:१४

झालं!

---

उगाच_एक – मंगळवार, सकाळी ८:२०

चहाटळ, तुमचा भाचा सुट्टीत गावी गेला की ती एक्स्ट्रॅक्टरची डबी पंधरा दिवस उसनी मिळेल का? मी कर्वेनगरातच आहे.

---

चहाटळ – मंगळवार, सकाळी ८:३५

भाचा गेल्या तीन दिवसांपासून हेडफोन लावून खेळतोय, मित्रांशी बोलायचं असतं म्हणे. डबी आजच घेऊन जा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. टोपण टीपॉयवरच आहे, तेही देतो.